तुम्ही कधी विचारलं नाहीत, काका

काका, आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत. डाव अंगावर आला की कॅरम सोडून उठणाऱ्या प्रकाशला तुम्ही काय काय बोलायचात, ते सगळं आता तुम्हालाच ऐकवावंसं वाटतंय.

त्याच प्रकाशचा फोन बिलासपूरला माझ्या शाळेत आला. मी सातवीच्या वर्गावर होते. फोन घेऊन परत आले आणि उरलेला धडा शिकवून टाकला, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. मी पोचेपर्यंत तुम्हाला नेलेलं होतं. मग पुन्हा तेरवीला आले, भिलाईला नेहरू नगरच्या घरात तुमच्या फोटोसमोर बसले, आणि परतून आता चार दिवस झाले, मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेच आहे. मनात तुम्ही उत्तर देत नाही. समोर असतानाही फारसं देत नव्हतात म्हणा.

तेरवीला लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. कोणीतरी तुम्हाला समाजसेवक म्हणालं. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "काहीच्या काही! मी टाइम ऑफिसातला बाबू. हजेरी लावतो, बस." खरं तर केलंत तेही तेवढंच. आमची हजेरी लावलीत.

ते सुरू कसं झालं हे मला काकूंनी सांगितलं होतं. तुमच्या शेजारच्या स्ट्रीटवरचा एक मुलगा मॅट्रिकला नापास झाला आणि घरातून निघून गेला. आठ दिवसांनी सापडला, धडधाकट होता. पण त्या आठ दिवसांत स्ट्रीटवरच्या एकाही पोराला तो गेल्याचं कळलं नव्हतं. त्याचं नावही कोणाला सांगता येईना. 'तो कोपऱ्याच्या क्वार्टरमधला' एवढंच. हे तुमच्या मनाला फार लागलं. दोन दिवस जेवताना तुम्ही एकच गोष्ट घोकत होतात म्हणे, "कारखान्यात माणूस तीन दिवस आला नाही तर मी चिठ्ठी काढतो. अन् पोट्टं आठ दिवस दिसत नाही, तर कोणाले पत्ताच नाही?"

तेव्हाची भिलाई होतीच तशी. सगळ्यांचे बाप पोलादाच्या कारखान्यात नोकरीला कुठून कुठून आलेले. कारखान्यानं क्वार्टर दिलेलं, आणि रिटायर झालं की ते सोडायचं, हे राहायला आल्या दिवसापासून ठाऊक. माझी आई भिंतीत खिळा ठोकतानासुद्धा दहादा विचार करायची. उन्हाळ्याची सुटी लागली की आख्खा सेक्टर रिकामा. कोणी गोंदियाला, कोणी वर्ध्याला, कोणी आंध्रात, कोणी केरळात. आम्ही इथेच जन्मलो, इथल्याच रस्त्यांवर गुडघे फोडून घेतले, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलत वाढलो, आणि गाव कोणतं विचारलं की जिथे वर्षातून पंधरा दिवस जातो त्या गावाचं नाव सांगायचो.

तुम्ही पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून पत्र्याचे गोल बिल्ले कापून आणलेत. सेक्टर सहाच्या तुमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात एक फळी टांगलीत, तिला डावीकडे खिळे, उजवीकडे खिळे. संध्याकाळी जो येईल त्यानं आपला बिल्ला डावीकडून काढून उजवीकडे लावायचा. अगदी कारखान्याच्या गेटवरच्यासारखं. बिल्ल्यावर नंबर आणि नाव, नुसतं नाव. आडनाव नाही. एखाद्याचा बिल्ला लागोपाठ तीन दिवस डावीकडेच राहिला, तर चौघांनी सायकली काढून त्याच्या घरी जायचं. दुसरा नियम त्याहून कडक होता: आडनाव आणि गाव कोणी कोणाला विचारायचं नाही. बाहेरच्यानं गाव विचारलंच तर सांगायचं, भिलाई.

तिथे करायचो काय? तसं फारसं काही नाही. कॅरम, अभ्यास, सायकलीचं पंक्चर, कोणाच्या तरी नव्या ट्रांझिस्टरवर क्रिकेट. काकूंचे पोहे. ज्यानं खाल्ले त्यानं आपली बशी धुवायची. पण त्या तीन दिवसांच्या नियमानं आमचं काहीतरी झालं. जवळच्या उतई गावाहून सायकल हाणत येणारा भुवन एकदा दिसेना, म्हणून आम्ही सगळे उतईला गेलो. त्याच्या वडिलांचा पाय मोडला होता आणि धान कापणीला उभं होतं. प्रकाश म्हणाला, अरे हे तर आपण करू. प्रकाश म्हणजे ऑफिसरचा मुलगा, त्यानं विळा फक्त चित्रात पाहिलेला. आम्ही दिवसभर असं काही कापलं की भुवनची आई शेवटी बांधावर बसून हसायला लागली. "अइसन झन लुवव बेटा, चिरई मन घलो हाँसहीं," म्हणाली. असं कापू नका रे, पाखरंसुद्धा हसतील. पण तिनं आम्हाला जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी भुवन आला तो वेगळाच भुवन होता. आपण दिसलो नाही तर कोणीतरी शोधायला येतं, हे त्याला कळलं होतं. परक्या गावात माणसाला दुसरं काय हवं असतं?

आता माझं. मी पंधरा वर्षांची होते. बाबा कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर, तुमच्याच गेटवरून रोज आत जाणारे. व्हरांड्यातून पहिल्या दिवशी घरी आले आणि उड्या मारत सांगितलं की तिथे आडनाव विचारत नाहीत. बाबा पायातले बूट काढत होते. ते थांबले.

"कोणीच नाही विचारत?"

"कोणीच नाही, बाबा."

"तुह्या काकाले विचारायची गरजच काय? माह्यं आडनाव त्याईच्या रजिस्टरात रोज हजेरी लावते." आणि मग दुसरा बूट काढत, "कोणी विचारलं तर सांगजो. आपून लपवत नाही. ज्याले त्रास होईन त्याले होऊ दे."

बाबांचं बरोबर होतं, पण मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं. शाळेत पहिल्या दिवशी बाई पूर्ण नाव विचारायच्या, मी 'रामटेके' म्हणायचे, आणि काही चेहऱ्यांवर ते एक लहानसं 'अच्छा' उमटायचं. पुढे वर्षभर कोणी काही वाईट बोलायचं नाही. फक्त डबा खाताना माझ्याशेजारी जागा मोकळी राहायची. तुमच्या व्हरांड्यात मी नुसती मंदा होते, बिल्ला नंबर एकतीस. तिथे माझ्या बशीतले पोहे प्रकाश न विचारता उचलून खायचा. काका, ते सुख मी तुम्हाला कसं सांगू? आजही त्याबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटतात, आणि तिथूनच आपलं भांडणही सुरू होतं.

त्या वर्षी दसऱ्याला बाबांनी प्रथमच आम्हा सगळ्यांना नागपूरला नेलं, दीक्षाभूमीवर. एरवी ते एकटे जायचे. तिथली गर्दी, पांढरे कपडे, पुस्तकांचे ढीग, आणि बाबांचा इतका मोकळा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. परत आले आणि धावत तुमच्याकडे. चार दिवस बिल्ला लागला नव्हता, तरी कोणी घरी येऊन गेल्याचं बोललं नाही. भुवननं विचारलं, "कहां थी इतने दिन?"

"मामा के यहां. भंडारा," मी म्हणाले.

मला खोटं बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. ते तोंडात तयारच होतं. बाबांचा तो मोकळा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि तरी बोलले. प्रकाश स्ट्रायकर घासत "अच्छा" म्हणाला. तुम्ही पेपर खाली केलात, माझ्याकडे पाहिलंत. "आली ना? मंग लाव बिल्ला," म्हणालात, आणि पेपर पुन्हा वर.

त्यानंतरच्या चार वर्षांत मी लागोपाठ तीन दिवस कधीही चुकले नाही. ताप असला तरी यायचे. एकदा कांजिण्यांच्या खपल्या पडायच्या आत आले, तेव्हा काकूंनी मला हाकलून लावलं होतं. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी काय नियमित आहे! वर्षाच्या शेवटी सगळ्यांत जास्त हजेरीबद्दल तुम्ही मला पेन दिलंत, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका, मी येत होते ते कोणी माझ्या घरी येऊ नये म्हणून. आमच्या घरात शिरताच पहिल्याच खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्या फोटोंना रोज नमस्कार करणारी मी, ते कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून अंगात ताप घेऊन सायकल मारत होते.

हे मला स्वतःशी कबूल करायला किती वर्षं लागली! तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीनं वहीवर नाव घातलं होतं आणि आडनावाच्या जागी फुलाचं चित्र चिकटवलं होतं. "मॅडम, सिर्फ नाम चलेगा ना?" मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्या रविवारी मी गाडीत बसले आणि तडक तुमच्याकडे आले, एवढं आठवतं.

तुम्ही रिटायर होऊन नेहरू नगरला घर बांधलं होतं. अंगणात कुंड्यांना पाणी घालत होतात. मी चहासुद्धा घेतला नाही.

"तुम्हाला माझं आडनाव पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," मी म्हणाले.

"हो," तुम्ही म्हणालात.

"मी भंडाऱ्याचं खोटं बोलले तेही कळलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही मला लपायला शिकवलंत, काका."

"मी लपायले नाही सांगतलं. मी विचारू नका म्हणलं."

"त्यात फरक काय? ज्याच्या आडनावाला कोणी नाक मुरडत नाही त्याला सांगितलं काय, नाही सांगितलं काय! तुमच्या नियमानं प्रकाशचं काय लपलं? लपलं ते माझं. आणि तुमचा तो तीन दिवसांचा नियम? निम्मी मंदा चार वर्षं गैरहजर होती. तुम्ही कोणाला पाठवलंत तिच्या घरी? उलट पेन दिलंत!"

मी रडत होते. आवाज शेजारपर्यंत गेला असणार. तुम्ही एकदा तोंड उघडलंत, मिटलंत. मग आत जाऊन पाण्याचा ग्लास आणलात आणि कुंडीच्या कट्ट्यावर माझ्याजवळ ठेवलात. "पुढच्या सुटीत येजो," म्हणालात, "मले तोवर जरा विचार करू दे. बसून बोलू." माझा राग आणखी वाढला. इतकी वर्षं होती की विचार करायला! येईन म्हणाले आणि निघाले. तुमची दोन पोस्टकार्डं आली, 'केव्हा येते?' एवढंच लिहिलेली. मी उत्तर दिलं नाही. तीन वर्षं भिलाई स्टेशनवरून कितीदा गेले असेन, उतरले नाही.

तेरवीला काकू म्हणाल्या, "मंदा, तूही दोन शब्द बोल." मी उठले. समोर सगळी जुनी मंडळी, आता पोटं सुटलेली, केस पिकायला लागलेले. मी म्हणाले, "मी मंदा गोविंद रामटेके." त्या घरात, त्या लोकांपुढे हे नाव मी पहिल्यांदा उच्चारत होते. मला वाटलं, काहीतरी होईल. काहीच झालं नाही. भुवननं मान हलवली, एवढंच. मग मी काय बोलले कोण जाणे.

जेवणं झाल्यावर प्रकाश माझ्यामागे अंगणात आला. तो आता कारखान्यातच इंजिनियर आहे.

"आमाले माहीत होतं," तो म्हणाला. "त्या दसऱ्याले आमी चौघं गेलो होतो तुह्या घरी. कुलूप होतं. शेजारीण बोलली, दीक्षाभूमीले गेलेत. परत येऊन काकाले सांगतलं. काका म्हणले, 'ती सांगेल तेव्हा ऐकू. तोवर तुमाले माहीत नाही. कोणी तिले टोकलं तर त्याचा बिल्ला मी काढून टाकीन.'" मग पायानं माती उकरत म्हणाला, "मी घरी बी नाही सांगतलं. आईनं मले व्हरांड्यात येऊच दिलं नसतं. सच बताऊं, मंदा? मले तेच सोईचं होतं."

निदान खरं बोलला. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मिळून गप्प होते, आणि मी एकटी चार वर्षं दाराला पाठ लावून उभी होते. गाडीत बसले ती तुमच्यावर आणखी चिडूनच. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडले.

बाबा आता माझ्याकडेच असतात. रात्री जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. प्रकाश काय म्हणाला ते, तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला काय काय बोलले तेही. ते मी त्यांना आजवर सांगितलं नव्हतं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"असं बोलली तू त्याईले?"

"बोलले. काय चुकलं?"

"ते आले होते आपल्या घरी," बाबा म्हणाले. "आपून नागपूरहून आल्यावर दोन-तीन दिवसांनं. तू तिकडं त्याईच्याच व्हरांड्यात होती. दारातून 'जयभीम' म्हणले. सवय नव्हती, जरा अडखळले. तुह्या मायनं पाटवडी केली होती, पोटभर जेवले. मंग म्हणले, 'रामटेके, पोट्टी खोटं बोलली. म्या पोट्ट्याईले चूप केलं, पण हे मले बरोबर नाही वाटून राहिलं. तुमी म्हणत असान तर उद्या सगळ्याईसमोर बोलतो. हा नियमच काढून टाकतो.'"

"मग?"

"मीच म्हणलं, नका बोलू."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुम्ही? तुम्हीच सांगायचा ना, लपवायचं नाही म्हणून?"

"सांगत होतो. माह्यासाठी सोपं होतं ते, मी चाळीस वर्साचा गडी." बाबांनी ताटाकडेच पाहत सांगितलं. "तू त्या दिवसांत गाणं म्हणत घरी येत होती, मंदा. गल्लीच्या टोकापासून आयकू येत होतं. म्या म्हणलं, राहू द्या अजून काही दिवस. तिले सांगायचं तवा सांगंन. अन् मी असं म्हणलो, हे तिले कधी कळू देऊ नका. लाज वाटत होती मले. त्याईनं हातावर हात मारून कबूल केलं."

काका, त्या दिवशी अंगणात तुम्ही तोंड उघडून मिटलंत ते यासाठी. 'जा, बापाले विचार' एवढं म्हणाला असतात तर सुटला असतात. मी तुम्हाला नाही नाही ते बोलत होते आणि तुम्ही माझ्या बापाची लाज सांभाळत उभे होतात. ती दोन पोस्टकार्डं आली, तेव्हा तुम्ही काय ठरवलं होतं? मला सांगणार होतात, की बाबांचा शब्द पाळून आणखी थोडं ऐकून घेणार होतात? आता हे मला कधीच कळणार नाही.

माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. दोघा मोठ्या माणसांनी बसून माझ्याबद्दल ठरवलंत आणि मला विचारलं नाहीत. तुमच्या त्या गप्प राहण्यानं मला चार वर्षं सुख दिलं आणि त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं आत काहीतरी सलत ठेवलं. हे मी तुम्हाला समोर बसून ऐकवलं असतं, आणि तुम्ही ऐकलं असतंत. माफी मागण्यासारखं माझ्या बोलण्यात काही नव्हतं, असं मला आजही वाटतं.

पण ज्या घरी कोणी येऊ नये म्हणून मी तापात तुमच्याकडे धावत होते, त्या घरी तुम्ही येऊन, जेवून गेला होतात. आणि तुम्ही मला बोलावलंत, तेव्हा मी आले नाही.